पौलाचं जहाज बुडालंच की! मग देवाने राखलं काय?

कुडचडेकर:
रविवारी चर्चमध्ये उपदेशात पुन्हा बायबलमधलं ९१वं स्तोत्र. हजारो पडतील पण तुला काही होणार नाही, देवदूत तुला हातांवर झेलतील. आमच्या टिप्परच्या (खनिज वाहायच्या ट्रकच्या) काचेवर पप्पांनी हेच चिकटवलं होतं. (आम्ही मूळ नगरकडचे मराठी ख्रिस्ती, खाणींमुळे गोव्यात कुडचड्याला आलो.) ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. टिप्पर दारात उभा, हप्ते मात्र चालू. चर्चच्या मंडळीतले येऊन सांगायचे, विश्वास ठेवा, देव गाडी जाऊ देणार नाही. गेली.

माझं मत, असं वचन द्यायचा त्यांना अधिकारच नव्हता. हेच स्तोत्र सैतानाने येशूला मंदिराच्या टोकावर नेऊन ऐकवलं होतं: घे उडी, दूत झेलतील. येशूने घेतली नाही. मला बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा २७वा अध्याय जास्त खरा वाटतो. येशूचा प्रेषित पौल कैदी म्हणून रोमला चाललेला. चौदा रात्री वादळ, जहाजावर २७६ माणसं. पौल सांगतो, जीव एकाचाही जाणार नाही, जहाज मात्र जाईल. आणि तोच पौल, खलाशी नांगर टाकायच्या मिषाने होडी सोडून पळायला बघतात तेव्हा शताधिपतीला (रोमी सैन्याच्या अधिकाऱ्याला) म्हणतो, हे जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही! म्हणजे देवाचा शब्दही होता आणि खलाशीही लागत होते. शेवटी कुणी पोहत, कुणी फळीवर माल्टाच्या किनाऱ्याला लागले.

मांडवीपार:
वाचलेल्यांची गोष्ट आहे ही. बुडालेल्या जहाजांवरही कुणीतरी प्रार्थना करत असणारच, पण साक्ष द्यायला ते मंडळीत येत नाहीत. आणि पौलाचं पुढे काय झालं? रोममध्ये त्याचं शिर उडवलं असं परंपराच सांगते. मग ही राखण किती दिवसांची? गाडी गेली तर 'जीव राखला', जीव गेला तर 'आत्मा राखला'. हरायची सोयच ठेवलेली नाही तुम्ही.

वास्कोची ताई:
मांडवीपार, हा प्रश्न बायबलातल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाने तुमच्याहून कडक शब्दांत विचारलाय, आणि देवाने त्याला गप्प राहायला लावणाऱ्या मित्रांनाच झापलं. पण कुडचडेकर भाऊ, तुमचंही पटत नाही. खलाशी लागतात हे खरं, म्हणून विश्वास म्हणजे नुसता शहाणपणा होत नाही. माझे मिस्टर आजारी होते तेव्हा औषध चालू होतं, डॉक्टर चांगले होते, तरी रात्री तीन वाजता दवाखान्याच्या बाकावर त्यातलं काही कामाला येत नव्हतं. २३वं स्तोत्र मी तोंडाने पुटपुटत बसले. त्यात मृत्यूच्या सावलीची दरी टळेल असं कुठे लिहिलंय? 'तू माझ्याबरोबर आहेस' एवढंच आहे. ते गेले. तरी त्या बाकावर मी एकटी नव्हते. हे मी सिद्ध करू शकत नाही, करणारही नाही.

डिचोलीचा:
मी हिंदू, मध्ये बोलतो म्हणून राग नसावा. आमच्या गावात राखणदाराला (गाव राखणाऱ्या देवाला) रोट (जाड भाकरीचा नैवेद्य) देतात, गाऱ्हाणं घालतात. सरळ व्यवहार. २०१८ च्या मार्चात खाणी परत बंद पडल्या तेव्हा आमच्या वाड्यावरच्या एकाने राखणदाराला चक्क शिव्या घातल्या, पुढल्या वर्षी रोट मात्र दिलाच. काचेवरचं स्तोत्र म्हणजे तुमचा रोटच नव्हे काय?

कुडचडेकर:
पप्पांचा होता, हो. नाही कशाला म्हणू. मांडवीपार, तुमच्या प्रश्नाला उत्तर नाही माझ्याकडे. पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं काहीतरी, काढ म्हणून देवाला तीनदा विनवलं, निघाला नाही. त्यालाही फक्त 'माझी कृपा तुला पुरे' एवढंच ऐकायला मिळालं. ताई, तुमचं बाक मी विसरणार नाही.

टिप्पर न्यायला माणसं आली त्या सकाळी पप्पा ब्लेड घेऊन काच खरवडत होते. स्तोत्र निम्मंच निघालं. उरलेल्यासकट गाडी गेली.

मांडवीपार:
कुठलं निम्मं राहिलं?

कुडचडेकर:
दूतांचं.