पांढऱ्या फुलपाखरापुढं उपप्रजातीचं नाव लावायचं का?

जावळीकर
साताऱ्याच्या निसर्गप्रेमींच्या ग्रुपवर एकाच आठवड्यात कॉमन गल या पांढऱ्या फुलपाखराचे दोन फोटो आले. पश्चिमेकडच्या मेढ्याच्या फोटोत शिरा जाड, काळ्या, पंखांची खालची बाजू पिवळीधमक. पूर्वेकडच्या, माण तालुक्यातल्या दहिवडीच्या फोटोत शिरा बारीक नि खालून सगळं फिकट. लगेच निकाल लागला की या दोन वेगळ्या उपप्रजाती, म्हणजे एकाच प्रजातीचे प्रदेशाप्रमाणं वेगळे पडलेले गट. मला हे अजिबात पटलेलं नाही.

कॉमन गल ऋतूप्रमाणं रूप बदलतं. पावसाळी पिढी गडद, कोरड्या दिवसांतली फिकी. अळी आणि कोष वाढताना हवा कशी होती, यावर ते ठरतं. आता आपला जिल्हा बघा. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तर माण तालुक्यात ५०० च्या आसपास. मग एकाच महिन्यात पश्चिमेला पावसाळी आणि पूर्वेला कोरडं रूप सापडलं तर नवल ते काय? प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत उपप्रजातीला जागा आहे, ऋतुरूपाला नाही. ईशान्येकडची दाफा किंवा अंदमानची लायकेनोसा या कॉमन गलच्या उपप्रजाती भूगोलानं वेगळ्या पडल्या. मेढा आणि दहिवडीच्या मध्ये कुठला समुद्र आहे?

आणि जे प्रजातीच्या नावापुढं सरसकट ‘फ्रिने’ हे आपल्या भागातल्या उपप्रजातीचं नाव जोडतात, तेही फुलपाखरू बघून नाही, गाव बघून जोडतात. त्याला ओळख पटवणं म्हणत नाहीत. प्रजाती, तारीख, गाव, पंखांच्या दोन्ही बाजूंचे फोटो, एवढं लिहा. शास्त्रीय नावात प्रजातीपुढं उपप्रजातीचं तिसरं नाव नको.

सह्यवासी
जावळीकर, मेढा-दहिवडीबद्दल तुमच्याशी वाद नाही. पण तिसरं नावच नको, याला माझा ठाम विरोध. उपप्रजाती मुळात प्रदेशावर उभी असते, मग ठिकाण हा पुरावा का नाही? पियरिस कॅनिडिया या दुसऱ्या पांढऱ्या फुलपाखराचं बघा. हिमालयात त्याची इंडिका ही उपप्रजाती, दक्षिणेच्या उंच डोंगरांत कॅनिस, आणि मधल्या अफाट मुलखात ते नाहीच. दोन्हींना नुसतं ‘कॅनिडिया’ म्हटलं, तर उद्या दक्षिणेतलं संपलं तरी यादीत प्रजाती सुखरूप दिसेल. अटलांटिकमधल्या मदेइरा बेटावर हेच झालं. ‘लार्ज व्हाइट’ हे मोठं पांढरं फुलपाखरू युरोपभर कोबीच्या शेतात आहे, पण बेटावरची त्याची वोलास्टोनी ही उपप्रजाती १९८० च्या दशकानंतर कुणाला दिसलेली नाही. वेगळं नाव होतं म्हणून ती गेल्याचं जगाला कळलं.

कीटकवेडी_सांगली
अहो, आधी प्रजाती तरी नीट लिहूया! सागरेश्वरच्या फोटोंत मला सारखी पायोनियर ही दुसरी पांढरी फुलपाखरं दिसतात आणि खाली नाव कॉमन गलचं. पायोनियरच्या पुढच्या पंखावर मधल्या कप्प्याच्या टोकाला एक जाड, वाकडी काळी पट्टी असते, ती वरच्या कडेला जाऊन मिळते. मागच्या पंखाच्या काळ्या किनारीत पांढरे ठिपके असतात. कॉमन गलला अशी पट्टी नसते, तिथं शिराच काळ्या रेखलेल्या असतात. दोघांच्या अळ्या वाघाटीच्या कुळातल्या झुडपांवर वाढतात, त्यामुळं एकाच जाळीत दोन्ही भेटतात. पंख मिटून बसलेल्या एका फोटोवरून उपप्रजातीपर्यंत उडी मारणं मला धोक्याचं वाटतं.

माणदेशी
मी सह्यवासींच्या बाजूचा. जावळीकर दादा, तुमचं शास्त्र बरोबर असेल, पण त्याचा परिणाम काय होतो ते आम्ही बघतोय. सगळे कॅमेरे कासला जातात. आमच्या फुलपाखराला ‘कोरडं रूप’ म्हटलं की विषय संपला, परत कुणी म्हसवडकडं फिरकत नाही. वेगळं नाव लागलं तर निदान माणसं येऊन बघतील तरी. बांध साफ करताना वाघाटी मुळासकट निघते. आषाढी बारशीला तिच्या फळाची भाजी लागते म्हणून चार वेली राहिल्यात, तेवढ्यावर ही फुलपाखरं टिकून आहेत.

जावळीकर
माणदेशी, तुमची कळकळ मला मान्य आहे, पण लक्ष वेधायला नाव द्यायचं नसतं. उपप्रजाती ठरवायला ७५ टक्क्यांचा जुना निकष आहे: एका भागातले किमान ७५ टक्के नमुने दुसऱ्या भागातल्यांपासून वेगळे ओळखू यायला हवेत. आपल्या हातात दोन फोटो! तुमच्याकडंच याचा सोक्षमोक्ष लागेल. बांधावरची एकच वाघाटी धरा. परतीच्या पावसानंतर तिच्यावरच्या कोषांतून काय बाहेर पडतं आणि एप्रिलमध्ये काय, दोन्हींचे फोटो काढा. एकाच वेलीवर गडद आणि फिकं दोन्ही निघाली, तर दहिवडीची उपप्रजाती बाद. पकडायला, मारायला काही नको. आणि वाघाटी वाचवायला उपप्रजातीची गरज नाही, साध्या कॉमन गलसाठीही ती वाचवली पाहिजे.

सह्यवासी
हा प्रयोग जरूर व्हावा. पण तो ऋतूचा प्रश्न सोडवतो, प्रदेशाचा नाही. वर्गीकरण बदलत राहतं, आज उपप्रजाती मानलेली उद्या स्वतंत्र प्रजाती ठरते. तेव्हा जुन्या नोंदी चाळणाऱ्याला आपण त्या वेळी काय समजत होतो, हे कळायला हवं. ऋतुरूपाचा रकाना वेगळा ठेवा, उपप्रजातीचा वेगळा, आणि नाव ठिकाणावरून दिलं असेल तर तसं स्पष्ट लिहा. मी माझ्या नोंदींत ‘फ्रिने’ लिहिणारच.

माणदेशी
वेल आमच्या विहिरीजवळ आहे. फोटो इथंच टाकीन. बांध साफ करणाऱ्यांना आजच सांगून ठेवतो.