शेवटी ‘ली’ असलं की क्रियाविशेषण?

‘इंग्रजी शब्दाच्या शेवटी ‘ली’ (-ly) दिसलं की क्रियाविशेषण समजायचं’ असा एक नियम सांगतात, तो निम्माच खरा आहे. विशेषणाला ‘ली’ लागलं तर बहुतेक वेळा क्रियाविशेषण होतं (‘स्लो’चं ‘स्लोली’), पण नामाला लागलं तर सहसा विशेषण: ‘फ्रेंडली’, ‘कॉस्टली’. उलट ‘वर्क हार्ड’मधलं ‘हार्ड’ प्रत्ययाशिवायच क्रियाविशेषण आहे, आणि ‘हार्डली’ म्हणजे तर ‘जेमतेम’!

माझ्याकडे शिकवणीला येणारी आठवीची मुलं हमखास ‘आय वेन्ट होम’ऐवजी ‘आय वेन्ट टू होम’ लिहितात; इथलं ‘होम’ही ‘हार्ड’सारखंच प्रत्ययाशिवायचं क्रियाविशेषण आहे, हे त्यांच्या लक्षात येत नाही. त्यांना मी ‘मी घरी गेलो’ हे वाक्य फळ्यावर लिहून दाखवते. ‘घरी’मध्ये सप्तमी विभक्तीचा (जागा दाखवणारा) ‘ई’ डोळ्यांना दिसतो. जुन्या इंग्रजीतही ‘घराकडे’ या अर्थी ‘हाम’ (घर) या शब्दाची द्वितीया (कर्माची विभक्ती) नुसतीच यायची, आजचं ‘होम’ तिथूनच आलंय, म्हणून त्याला ‘टू’ लागत नाही. ‘ही वर्क्स नाइट्स’ (तो रात्रीचा काम करतो) मधला ‘स’सुद्धा आज अनेकवचनाचा वाटतो, पण मुळात तो षष्ठी विभक्तीचा, ‘रात्रीचा’मधल्या ‘चा’सारखा. ‘वन्स’, ‘ट्वाइस’च्या शेवटीही तोच. मुलांना हे सांगितलं की ‘टू होम’ बरंच कमी होतं. त्यामुळे शेपूट बघण्यापेक्षा तो शब्द किंवा पदबंध (शब्दांचा गट) ‘कसं, कुठे, केव्हा, किती’ यांपैकी कशाचं उत्तर देतो, ते आधी विचारायला लावा.