एंडोथेलियल जनुकांचा स्कोअर: सर्व्हायव्हलमध्ये फरक का दिसत नाही?

प्रश्न (कोल्हापूर): टीसीजीए या कर्करोगाच्या खुल्या डेटासंचातल्या स्तन-कर्करोग आरएनए-सेक (कोणतं जनुक किती चालू आहे याचं मोजमाप) डेटावर रक्तवाहिनी-पेशींच्या जनुकांचा स्कोअर काढलाय. मीडियनवर (मधल्या किमतीवर) दोन गट केले, कापलान-मायरच्या रेषा (काळानुसार किती रुग्ण जिवंत राहतात ते दाखवणाऱ्या) एकमेकींवरच पडतात. चुकतंय कुठं?

उत्तर १: गट पाडू नका, माहिती वाया जाते. सलग स्कोअर कॉक्स मॉडेलमध्ये (अनेक घटकांचा धोक्यावरचा परिणाम एकत्र मोजणारं) घाला. सोबत वय, स्टेज, ईआर (गाठीत इस्ट्रोजेन रिसेप्टर आहे का). फॉलो-अप तोकडा आहे, म्हणून ओएसऐवजी (एकूण जगण्याचा काळ) पीएफआय (आजार न वाढता गेलेला काळ) घ्या.

उत्तर २: खरा घोळ वेगळाच. अख्ख्या गाठीच्या नमुन्यात नुसत्या रक्तवाहिन्या जास्त असल्या तरी स्कोअर चढतो. पीकॅम१, सीडीएच५ ही जनुकं रक्तवाहिनी-पेशींचं प्रमाण सांगतात. त्यांची सरासरी मॉडेलमध्ये वेगळी ठेवा. मग ईएसएम१, एएनजीपीटी२ यांसारखी रक्तवाहिन्यांच्या नव्या फुटव्यांची जनुकं काय सांगतात ते बघा.

उत्तर ३: आणि 'बेस्ट कटऑफ' (सगळ्यात जास्त फरक दाखवणारी गट-सीमा) शोधू नका भावा, पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही असा निकाल दिसण्याची शक्यता) फुकटची उतरते. मेटाब्रिकवर (स्तन-कर्करोगाचा दुसरा डेटासंच) तपासा, तिथं मायक्रोॲरे (मोजमापाची वेगळी पद्धत) आहे, म्हणून झेड-स्कोअर (सरासरीपासूनचं अंतर, प्रमाण-विचलनात) नव्यानं काढा.