मदत हवी आहे: थंडीत बदकाच्या पिल्लांपुढे रात्री खाणं ठेवावं का?

नमस्कार मंडळी,
आम्ही निफाड तालुक्यातले. इथला गारठा सांगायला नको, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा हिवाळ्यात पेपरात येतोच. त्यात घरी खाकी कॅम्पबेल जातीच्या बदकांची पंचवीसेक पिल्लं आहेत, आठवड्याभराची. पत्र्याच्या खोलीत तुसावर ठेवलीत, वर साठ वॅटचे दोन बल्ब. पहाटे वीज गेली की एकमेकांवर चढतात आणि चिवचिवाट थांबत नाही.

सासरे म्हणतात, संध्याकाळीच खाणं-पाणी उचलायचं. रात्रभर खाल्लं की घाण वाढते, तूस ओला होतो आणि ओलीनंच पिल्लू गारठतं. जन्मभर गावरान कोंबड्या सांभाळलेला माणूस, शब्द मोडवत नाही. पण मला दिसतं ते वेगळं. पोटभर खाल्लेली पिल्लं पसरून झोपतात, अर्धपोटी असली की बल्ब चालू असूनही गोळा होऊन बसतात. खाण्यानं खरंच थंडी सोसते का? कोंबडीच्या पिल्लांचा स्टार्टर मॅश देते. ऊब येते म्हणून त्यात शेंगदाणा पेंड घालावी, असंही सासरे म्हणतात.

गोदाकाठ:
ताई, तुम्ही बघताय ते बरोबर आहे. अंड्यातून निघताना पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा असतो, तो दोन-तीन दिवसांत संपतो. पुढे अंगातली ऊब खाल्लेल्यातूनच येते, आणि खाणं पचतानाही थोडी उष्णता निघते. एवढंसं अंग, त्यावर नुसती लव, ऊब भराभर निसटते. उपाशी पिल्लू गारठतं, आणि गारठलेलं पिल्लू खाण्याला तोंड लावत नाही. असं एखादं दिसलं तर आधी उबेत घ्या. हिंडूफिरू लागलं की मगच खाणं-पाणी.
म्हणून बल्ब काढू नका हं! पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३० ते ३२ अंश हवेत, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करा.

बांधावरून:
सासऱ्यांचं निम्मं खरं आहे. लव भिजली की ऊब धरत नाही. पण ओल होते ती मुख्यतः पाण्यानं, बदक पाणी सांडल्याशिवाय पीतच नाही. भांडं पसरट ताटात जाळीवर ठेवा, म्हणजे सांडलेलं खाली जाईल. चोच बुडेल एवढं खोल हवं, आत उतरता येईल एवढं नको. पाणी उचलून कोरडं खाणं मात्र ठेवू नका, घशात अडकतं. रात्री ठेवायचं तर दोन्ही, आणि मंद उजेड हवा.
पेंडीला माझा ठाम नकार. पेंडीतल्या बुरशीचं विष बदकाच्या पिल्लांना फार लवकर बाधतं. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की आणि बदकाची पिल्लं मोठ्या संख्येनं मेली, ती अशाच शेंगदाणा पेंडीनं. मॅश चालेल, पण बदकाला नायसिन (एक ब जीवनसत्त्व) कोंबडीपेक्षा जास्त लागतं. कमी पडलं की पाय वाकतात. पशुवैद्यकांना विचारून थोडं यीस्ट मिसळा.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. जाळी उद्याच करते. पण पहाटे वीज गेल्यावर काय करू? सासरे कोळशाची शेगडी ठेवू म्हणतात.

गोदाकाठ:
बंद खोलीत शेगडी अजिबात नको, कोळशाचा वायू कोंडून पिल्लं मरतील, माणसालाही धोका. गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून मध्ये ठेवा, वर डालगं झाका. हवा खेळायला फट ठेवा. आणि वीज कधी जाते ते माहीत असेल तर त्याआधी तासभर खाऊ द्या.