मदत हवी आहे: शाळेच्या लॅबमध्ये लिनक्स टाकावं का?

नमस्कार मंडळी, इंदूरच्या आमच्या शाळेतली लॅब आता माझ्याकडे आलीये, सगळे जुने पीसी, 4 जीबी रॅम, टीपीएम (विंडोज 11 ला लागणारी सुरक्षेची चिप) नाही, विंडोज 10 चा फुकट सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला आणि 11 यांच्यावर धड चढणार नाही. नवीन घ्यायला कमिटीकडे पैसे नाहीत (गॅदरिंगला असतात, असो). केरळच्या सरकारी शाळांत उबुंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार) चालतंच ना, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट (तसाच दुसरा फुकट प्रकार) आणि वर्ड-एक्सेलऐवजी लिब्रेऑफिस टाकावं म्हणतेय. पण हिंदीचे जुने पेपर सगळे कृतिदेव या जुन्या हिंदी फॉन्टमध्ये, फॉन्ट टाकला तर वर्डच्या फाईली नीट उघडतात की टेबलं हलतात? कॉमर्सवाल्यांना टॅली लागतं, त्यासाठी एकदोन मशीनवर विंडोज राहू द्यावं का? कुणी केलंय का हे शाळेत? सुट्ट्यांतच उरकायचंय.