टर्बोचा कोळसा आणि कॉस्टिकचा हौद

घर्षण_शून्य
काल या फोरमवर 'स्वस्तात टर्बो रिबिल्ड' अशी कृती आली, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो खोलून दुरुस्त करायची: सगळे भाग सुटे करा, उकळत्या कॉस्टिक सोड्यात रात्रभर टाका, सकाळी काचेच्या मण्यांनी ब्लास्टिंग मारा, नवं किट बसवा, गाडी सोडा. खाली 'मस्त माहिती' म्हणणाऱ्यांची रांग. म्हणून एवढं लिहावं लागतंय.

'सगळे भाग' म्हणजे काय हो? कॉम्प्रेसरचा, म्हणजे हवा दाबणारा पंखा आणि त्याचं हाउसिंग ॲल्युमिनियमचं. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि खाताना हायड्रोजन सोडतं. शेजारी वेल्डिंग चालू असेल तर टर्बोची काळजी करायला कोणी उरणार नाही. पंखा बाहेर काढलात तर काळा, खडबडीत, पात्यांच्या कडा झिजलेल्या. त्रिज्या २० मिमी, एका बाजूचा वजनातला फरक फक्त ०.१ ग्रॅम आणि वेग दीड लाख आरपीएम धरा. हिशोब मांडून बघा, शाफ्टला एका बाजूला सुमारे ५० किलोचा हिसका बसतो, तोही सेकंदाला अडीच हजार वेळा फिरत. शाफ्ट ज्यांत फिरतो ते बुश किती टिकतील?

भट्टीवाला
पंख्यापुरतं मान्य. पण कॉस्टिकला सरसकट शिव्या देणाऱ्यांनी टर्बाइनच्या, म्हणजे एक्झॉस्टने फिरणाऱ्या पंख्याच्या बाजूचा कोळसा (जळलेल्या तेलाचा कडक थर) कधी खरवडला आहे का? रॉकेल, डिझेल, कार्ब्युरेटर क्लीनर, काहीही ओता, वरचा चिकट थर निघतो आणि खालचा दगड तसाच. बेअरिंग हाउसिंग, म्हणजे शाफ्ट आणि बुश बसतात तो मधला भाग, बिडाचं आहे, त्याला कॉस्टिक चालतं.

१० लिटर थंड पाणी, त्यात कॉस्टिकचे १ किलो फ्लेक्स थोडे थोडे घालायचे. फ्लेक्सवर पाणी ओतायचं नाही, उसळून तोंडावर येतं. हातमोजे, चष्मा हवाच. मग ८० अंशांवर ३-४ तास. कोळसा विरघळत नाही, त्याला धरून ठेवणारं जळकं तेल सुटतं आणि मग तो ब्रशने निघतो. त्यानंतर गरम पाण्याने दोनदा धुणं, तेलाच्या प्रत्येक भोकातून बारीक नायलॉन ब्रश, हवा मारणं आणि लगेच तेलाचा हात. तेल लावायला उशीर केलात की डोळ्यांदेखत गंज चढतो.

रात्रभर कशाला, ते मलाही कळलेलं नाही.

मणीमंगळ
ब्लास्टिंगवर कोणी बोलतच नाही, आणि गाड्या त्यानेच परत येतात. हाउसिंगच्या आतली तेलाची वाट वाकडी, आडवी भोकं एकमेकांना छेदतात. मणी आत गेला की नुसत्या हवेने निघत नाही, कोपऱ्यात बसून राहतो. पहिल्यांदा गरम तेल आलं की सुटतो आणि थेट बुशवर. बुश आणि शाफ्टमधली फट एका मिमीच्या काही शतांश भागाएवढी, तिथे काचेचा चुरा म्हणजे पॉलिश पेपरच.

टर्बाइनच्या पंख्यावर तर मणी मारूच नका. चकाकी येते, पण पात्यांच्या पातळ कडा झिजतात. तो निकेलच्या मिश्रधातूचा असल्याने सौम्य अल्कली, ६० अंश, अल्ट्रासॉनिक टाकी आणि प्लॅस्टिकचा स्क्रेपर एवढ्यात साफ होतो. डाग राहिला तर राहू दे. डागाने बॅलन्स जात नाही.

घर्षण_शून्य
रिंगची खाच राहिली. शाफ्टवर टर्बाइनच्या बाजूला तेल आणि गॅस अडवणारी पिस्टन रिंग असते, तिची खाच कोळशाने भरलेली असते आणि लोक ती हॅक्सॉ ब्लेडने कोरतात. खाच रुंद झाली की नवी रिंगही धूर देणार, मग दोष किटवर. जुनी रिंग मोडून तिच्याच तुकड्याने खरवडा, माप आपोआप बसतं. जर्नलवर, म्हणजे शाफ्टच्या बुशमध्ये फिरणाऱ्या भागावर पॉलिश पेपर नको. गॅसची ज्योत तर अजिबात नको: तो भाग कडक केलेला असतो, लाल झाला की मऊ पडतो.

चौदाचा_पाना
धुण्यावरून भांडताय, पण कोळसा होतो कशाने? बोरघाट चढून लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानासमोर थांबले की चावी बंद! इंजिन थांबलं की तेलाचा पंपही थांबला. तापलेल्या टर्बाइन हाउसिंगची उष्णता शाफ्टवाटे बुशकडे येते आणि अडकलेलं तेल तिथेच जळतं. पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा, एवढं सांगून गिऱ्हाईक ऐकत नाही.

भट्टीवाला
पाच मिनिटं कशाला? एक-दोन पुरतात. घाटमाथ्यावर येऊन गावात हळू फिरलात तर तेवढ्यात टर्बो निवलेला असतो. आता बऱ्याच गाड्यांत बेअरिंग हाउसिंगला पाणी फिरतं, इंजिन बंद झाल्यावरही गरम पाणी वर चढत थोडी उष्णता नेतं.

चौदाचा_पाना
पाणी फिरतं ते गाडीत! उसाच्या ट्रॅक्टरच्या टर्बोला कुठलं पाणी? दोन ट्रॉल्या ओढत काट्यावर आणायचा आणि रांगेत लगेच बंद. डिझेल महाग म्हणे.

मणीमंगळ
आणि रांगेत तासभर चालू ठेवला तर? आयडलवर, म्हणजे जागेवर उभ्या मंद इंजिनात, टर्बाइनच्या बाजूला दाब नसतो, रिंगमधून तेल बाहेर ओढलं जातं आणि तिथे काजळी साचते. दोन्हीकडून कोळसाच.

डीपीएफ_पीडित
बीएस ६ (प्रदूषणाचे नवे नियम पाळणाऱ्या) गाड्या विसरू नका. त्यांत डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणारी गाळणी असते. रीजन, म्हणजे ती काजळी जाळणं, चालू असताना चावी काढली की एक्झॉस्ट नेहमीपेक्षा कितीतरी तापलेला. अर्धवट रीजन पुन्हा पुन्हा, तेलात डिझेल उतरतं, तेल पातळ, बुश गेले. यावर कंपन्यांनी डॅशबोर्डवर साधा मराठीत इशारा दिला असता तरी...

घर्षण_शून्य
डीपीएफचा धागा वेगळा काढा हो. दर वेळी तेच.

डीपीएफ_पीडित
काढला होता. तिथे तुम्हीच येऊन 'ईजीआरचा (एक्झॉस्टचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेचा) धागा वेगळा काढा' म्हणालात.

चौदाचा_पाना
मुद्द्याचं: कोअर (टर्बोचा मधला गाभा) कितीही साफ करा, तेल येणारी बारीक नळी जुनीच ठेवली तर सगळं वाया. ती आतून कोळशाने निम्मी झालेली असते, तार घालून साफ होत नाही, सुटलेला तुकडा पुढे जातो. नळी नवी, ती जोडणारा पोकळ बॅन्जो बोल्ट नवा, आणि त्यात जाळी असली तर तीही.

भट्टीवाला
हे एकदाचं शहाण्यासारखं बोललात.

स्वस्तातला_फिटर
मूळ पोस्ट माझी. ठीक आहे, 'सगळे'च्या जागी 'बिडाचे' वाचा, साहेब लोकांचं समाधान होऊ दे. पण बॅलन्सिंगचे (फिरत्या भागांचं वजन मशीनवर समतोल करण्याचे) पैसे गिऱ्हाईक देत नाही, हे कोणी लिहिलं नाही. आणि मणी मी मारणारच. बाहेरून काळं हाउसिंग दिलं तर 'काम केलंच नाही' म्हणतात.

घर्षण_शून्य
मग पंखा काढण्याआधी पंखा, नट आणि शाफ्टवर एका रेषेत खूण तरी करा आणि जोडताना तशीच जुळवा. पुष्कळ टर्बोंच्या नटाला उलटे आटे असतात, ताकद लावण्याआधी बघा. बॅलन्सिंगला हा पर्याय नाही, पण अंदाजपंचे जोडण्यापेक्षा बरं.

मणीमंगळ
मणी मारायचेच तर फक्त बाहेरून. तेलाचं तोंड, निचरा आणि शाफ्टची दोन्ही भोकं रबरी बुचांनी बंद करा, टेपने नाही, टेप फाटते. नंतर बुचं काढून निचऱ्याखाली पांढरं फडकं धरा आणि रॉकेल दाबाने सोडा. फडक्यावर चमकणारा कण दिसेनासा होईपर्यंत पुन्हा पुन्हा. आणि जोडल्यावर मजा म्हणून हवेने पंखा फिरवू नका, बुश कोरडे असतात. तेलाच्या तोंडातून तेल भरा, इंजिन सुरू होऊ न देता स्टार्टर मारा, दाब आला की मगच चालू करा.

स्वस्तातला_फिटर
फडकं तुमच्याकडूनच मागवतो. रॉकेल मिळतं का हल्ली कुठे?

मणीमंगळ
डिझेल वापरा. गाळून.