सध्या फिरून भूपच

इथल्या चर्चेत 'कॉल ऑफ द व्हॅली' या वाद्यसंगीताच्या रेकॉर्डचा विषय निघाला आणि राहवलं नाही. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. १९६७ ची ही रेकॉर्ड मी गेले दोन आठवडे सकाळी स्वयंपाक करताना लावतेय. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस रागांच्या वेळा सांभाळत उलगडतो. पहाटेचा अहीरभैरव सुरू झाला की हातातली कणीक तशीच राहते. काब्रांबद्दल मात्र फार कमी बोललं जातं. गिटारवर अशी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, तीही त्या काळात!

त्यातल्याच भूप रागामुळे मी पुन्हा गायिका किशोरीताई आमोणकरांच्या भूपाकडे वळले. 'प्रथम सूर साधे' आणि मग 'सहेला रे'. आता रात्री दिवे मालवून, हेडफोन लावून तेवढंच ऐकते. सूर पाचच, मध्यम नाही, निषाद नाही. हेच पाच सूर देशकार रागातही आहेत, पण तिथे भार धैवतावर, इथे गंधारावर. ताई त्या गंधारावर येऊन थांबतात ना, तिथे मी दर वेळी श्वास रोखून धरते. 'सहेला रे' तर सगळ्यांनाच पाठ असतं, पण कृपा करून आधीचा 'प्रथम सूर साधे' हा विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल टाळू नका. तो सबंध ऐकल्यावर 'सहेला रे' या द्रुत, जलद लयीतल्या बंदिशीचा पहिला शब्द आला की डोळे भरून येतात.

भूपाची आणखी कुणाकडची जुनी रेकॉर्ड तुम्ही ऐकत असाल तर जरूर सांगा, या आठवड्यात तीच लावीन.